जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा : आधी काय, मग काय?

अंजनवेल
जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात पडलं की मंडळी व्हिसाची चौकशी सुरू करतात. तोवर निम्मा वेळ निघून गेलेला असतो. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला. उन्हाळी सत्र १ एप्रिलला. प्रवेशपत्रं बऱ्याचदा जून-जुलैत येतात, म्हणजे हातात फार तर तीन-चार महिने. एवढ्यात ए.पी.एस. (शैक्षणिक कागदांच्या तपासणीचं प्रमाणपत्र), गोठवलेलं खातं (वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीक रक्कमच सोडणारं खातं), बँकेचं कर्ज, विमा आणि बायोमेट्रिकची तारीख हे सगळं बसत नाही.

माझं मत असं, की व्हिसाची फाईल प्रवेशाच्या अर्जाबरोबरच उघडावी, निदान आठ-नऊ महिने आधी. फाईल अडते ती मुलाच्या गुणांवरून कमी आणि नावातल्या फरकावरून व पैशाच्या कागदावरून जास्त.

दोन प्रश्न जाणकारांसाठी. पहिला, गोठवलेल्या खात्यात भरायचे ११,९०४ युरो आधी पाठवावेत की अर्ज आधी भरावा? दुसरा, मराठी गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी असतं, पासपोर्टात निराळं असतं. याचं काय करायचं? केवळ पदव्युत्तर शिक्षणापुरतं बोलू, नाहीतर धागा भरकटेल.

हिशेबनीस
चांगला धागा. पैशाचं मी लिहितो, नावाचं कुणीतरी घ्या.

ही रक्कम १ सप्टेंबर २०२४ पासूनची आहे, महिना ९९२ युरो गुणिले १२. त्याआधी ११,२०८ होती. जुन्या व्हिडिओंवर विसंबून कमी रक्कम भरणारे अजूनही दिसतात आणि मग पूर्ण रक्कम जमा झाल्याचं पुष्टिपत्रच निघत नाही. अर्ज करायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावरचा आकडाच खरा धरा.

खातं उघडणं आणि खात्यात पैसे भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सपॅट्रिओ, फिंटिबा, कोराकल अशा सेवा ऑनलाइन खातं उघडून देतात. खातं आधी उघडून ठेवा. पैसे प्रवेश पक्का झाल्यावर पाठवा.

पाठवताना इथल्या बँकेत ए२ फॉर्म भरावा लागतो. त्यात कारण ‘परदेशातील शिक्षण’ हेच हवं. काउंटरवरचा माणूस पुष्कळदा ‘जवळच्या नातेवाइकाचा निर्वाहखर्च’ असा कोड टाकतो आणि पुढे करकपातीचा घोळ होतो. सही करण्याआधी कोड वाचा.

दुसरी चूक मधल्या बँकेच्या शुल्काची. स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने) पैसे जाताना ‘अवर’ (सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे), ‘शा’ (दोघांत वाटून) आणि ‘बेन’ (घेणाऱ्याकडे) असे तीन पर्याय असतात. ‘शा’ घेतलं की वाटेतली बँक काही युरो कापून घेते, खात्यात ११,९०४ च्या जागी ११,८८० पडतात आणि पुष्टिपत्र अडतं. २४ युरोसाठी पुन्हा बँकेत खेटा, पुन्हा शुल्क, पुन्हा चार-पाच दिवस. ‘अवर’च घ्या, वर खातं देणारी सेवा सांगते तेवढी जास्तीची रक्कमही पाठवा. ती नंतर परत मिळते.

तिसरी, संदर्भ क्रमांक. पैसे वडिलांच्या खात्यातून जातात, खातं मुलीच्या नावाने. संदेशाच्या रकान्यात तिचा संदर्भ क्रमांक नसेल तर पैसे कुणाचे ते तिकडे कळत नाही.

इस्लामपूरकर
हिशेबनीस, टी.सी.एस. राहिलं, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर.

हिशेबनीस
हो. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पैसे पाठवण्यावरची करमुक्त मर्यादा एका आर्थिक वर्षात १० लाख रुपये आहे, आणि ती पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजतात. युरो १०० रुपये धरला तर रक्कम ११,९०,४०० होते, म्हणजे टी.सी.एस. लागतो तो वरच्या १,९०,४०० वरच. तोही गेला असं नाही. पाठवणाऱ्याच्या २६ए.एस.मध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात) दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करता येतो. आईवडील दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवलं तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी. मात्र दोन्ही वेळा संदर्भ क्रमांक तोच घाला आणि खातं पूर्ण भरेपर्यंत पुष्टिपत्र निघणार नाही हे धरून चाला.

बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर त्याच तारखेपासून टी.सी.एस. नाही.

मृण्मयी७
नावाचा प्रश्न मी घेते, कारण महाराष्ट्रातल्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि खाली आईचं नाव वेगळं. विद्यापीठाच्या पदवीवर कधी तोच क्रम, कधी आईचं नावही ओळीत घातलेलं. पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने. कुणी दिलेल्या नावात वडिलांचं नाव घातलेलं असतं, कुणी नसतं.

केवळ क्रम उलटा असेल तर घाबरू नका. आपल्याकडची ही पद्धत भारतीय अर्ज तपासणाऱ्यांना ठाऊक आहे. सगळ्या ऑनलाइन फॉर्मांत मात्र नाव पासपोर्टाप्रमाणेच लिहा: ए.पी.एस., विद्यापीठ, गोठवलेलं खातं, विमा, व्हिसा. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाशी ‘<<<’ अशा खुणांच्या दोन ओळी असतात, त्यात जसं आहे अगदी तसं. एका ठिकाणी वडिलांचं ‘सुरेश’ घातलं आणि दुसरीकडे गाळलं की खात्याचं पुष्टिपत्र आणि पासपोर्ट जुळत नाहीत.

वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढाच फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. त्यात कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे ते एकेक करून लिहा. ‘सर्व कागदपत्रांवर’ असं मोघम लिहिलेलं प्रतिज्ञापत्र उपयोगाचं नसतं.

इंग्रजी स्पेलिंग वेगळं असेल, म्हणजे ‘दीक्षित’मध्ये एकदा ‘आय’ आणि एकदा ‘डबल ई’, तर निकाल लागण्याआधी विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या. पदवी छापली गेली की दुरुस्तीला महिने लागतात.

नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाचं राजपत्र लागतं, लग्नानंतरच्या बदलाला बहुधा विवाह प्रमाणपत्र पुरतं, आणि त्यानंतर पासपोर्ट नव्याने. तिथे पोलीस पडताळणी पुन्हा होऊ शकते. हे सगळं ए.पी.एस.च्या आधी उरकायचं.

भोरघाट
+१. ए.पी.एस.चं प्रमाणपत्र एका स्पेलिंगने आणि पासपोर्ट नंतर दुसऱ्या स्पेलिंगने, हा गुंता सोडवायला फार जड जातो.

आखनचा_वारा
ए.पी.एस. म्हणजे काय ते नव्या वाचकांसाठी. जर्मन दूतावासाचा शैक्षणिक तपासणी विभाग, दिल्लीत. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी त्याचं प्रमाणपत्र बंधनकारक झालं. शुल्क १८,००० रुपये. ते दहावी-बारावी आणि पदवीचे कागद खरे आहेत का आणि जर्मनीत प्रवेशाला पात्र आहेत का हे पाहतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, पाचव्या सत्रापर्यंतचे निकाल हातात असले की. प्रमाणपत्राला संपायची मुदत नाही, म्हणून लवकर काढण्यात तोटा काहीच नाही.

आणखी एक फायदा: पुष्कळ विद्यापीठं प्रवेशअर्जाबरोबरच ए.पी.एस. मागतात. युनि-असिस्टमार्फत (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) अर्ज करणाऱ्यांनी हे आधी पाहावं. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. ए.पी.एस. नाही म्हणून अर्ज बाद झाला तर हे पैसेही गेले.

गुणपत्रिका स्कॅन करताना मागची बाजूही करा. श्रेणी कशी मोजतात त्याचा तक्ता बहुधा मागेच छापलेला असतो. मागची बाजू नाही म्हणून फाईल परत येते.

सायली_नेने_नाही
बारावीनंतर थेट जायचं असेल तर हेच सगळं लागतं का? अंजनवेल यांनी पदव्युत्तर म्हटलंय, पण विचारते.

आखनचा_वारा
थोडक्यात. नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठात थेट प्रवेश मिळत नाही. एकतर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचं, किंवा जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असलं तर तांत्रिक विषयांना थेट, किंवा तिकडे श्टुडिएनकोलेग (विद्यापीठपूर्व तयारीचा अभ्यासक्रम) करायचं. त्याला जर्मन भाषा बी१-बी२ (मधली पातळी) लागते. ए.पी.एस. तिथेही आहेच. बाकी वेगळा धागा काढा, नक्की लिहीन.

इस्लामपूरकर
कर्जाबद्दल कुणी बोलत नाहीये. सगळ्यांकडे १२ लाख रोख नसतात.

ग्रामीण भागातल्या कुटुंबांची अडचण अशी की तारण म्हणून दाखवायला सातबाराच असतो, आणि शेतजमिनीवर मोठं शैक्षणिक कर्ज द्यायला बँका तयार नसतात. कारण साधं आहे: सरफेसी कायदा (कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा) शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे थकलं तर बँकेला ती जमीन त्या मार्गाने विकता येत नाही. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, घर, मुदत ठेव हे चालतं. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका बहुधा तारण मागतात. घर गावठाणात असेल आणि नोंद फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या (करआकारणीच्या) उताऱ्यावर असेल तर बँकेच्या वकिलाला आधी विचारा. तिथे मालकीच्या पुराव्यावरून बरेचदा अडतं.

वकिलाचा मालकीचा शोध अहवाल बहुधा ३० वर्षांचा मागतात. त्यानंतर मूल्यांकन, मग गहाणखत. तीन-चार आठवडे सहज जातात. एखाद्या वारसाची नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे फेरफाराचे हेलपाटे वेगळे. म्हणून मालमत्तेचे कागद डिसेंबरमध्येच काढून बघा, प्रवेशाची वाट पाहू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. जर्मनीच्या व्हिसाला कर्जमंजुरीचं पत्र चालत नाही, गोठवलेल्या खात्यात पैसे पडलेले लागतात. काही शाखा म्हणतात, ‘आधी व्हिसा आणा, मग वितरण करू.’ तिकडे व्हिसा म्हणतो, आधी पैसे दाखवा. या कोंडीतून सुटायचा मार्ग एकच. मंजुरीपत्रात ‘व्हिसापूर्वी गोठवलेल्या खात्यात वितरण’ ही अट लेखी घालून घ्यायची, आणि ती मंजुरी होण्याआधी मागायची.

सुपारी
म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी, याचं उत्तर मंजुरीपत्राच्या अटीत आहे तर! इस्लामपूरकर, हा मुद्दा लाखमोलाचा.

कोकणवारा
नातेवाईक जर्मनीत असेल तर गोठवलेलं खातं टाळता येतं. त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन विद्यार्थ्याचा खर्च उचलण्याची औपचारिक हमी द्यायची. शुल्क २९ युरो. पण हमी म्हणजे नुसती सही नव्हे. विद्यार्थ्यावर सरकारचा खर्च झाला तर तो हमी देणाऱ्या नातेवाइकाकडून वसूल होतो, आणि त्या नातेवाइकाचं उत्पन्न पुरेसं आहे का हे तिथे तपासतात. मामाला गळ घालण्याआधी त्याला हे नीट सांगा.

बेळगावी_कुंदा
कार्यक्षेत्राचं लक्षात ठेवा. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वकिलातीकडे, कर्नाटक बेंगळुरूकडे. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मुलांनी पुण्यात शिकलो म्हणून मुंबई धरायची नाही. सध्या राहता कुठे त्याचा पुरावा लागतो. पासपोर्टावर बेळगाव आणि राहणं पुण्यात असेल तर पुण्याच्या राहण्याचे कागद तयार ठेवा.

पाचोळा
इतकं सगळं करण्यापेक्षा एजंट बरा. ४०-५० हजारांत सुटका.

मृण्मयी७
पाचोळा, मनापासून असहमत. वर लिहिलेल्यातलं एजंट काय करणार? नाव दुरुस्त तुम्हीच करायचं, मालमत्तेचे कागद तुम्हीच आणायचे, पैसे तुम्हीच पाठवायचे. तो फॉर्म भरतो आणि उद्देशपत्र (हेच शिक्षण का, ते सांगणारं पत्र) लिहून देतो. उद्देशपत्र त्याने लिहिणं हाच धोका आहे. एकाच साच्यातली वीस पत्रं वकिलातीत जातात, आणि मुलाला दोन प्रश्न विचारले की पत्रातलं काहीच सांगता येत नाही.

उद्देशपत्रात तीन-चार गोष्टी नेमक्या याव्यात. पदवीत कोणता विषय शिकलात आणि या अभ्यासक्रमातला कोणता विषय त्याला जोडतो, नावानिशी. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्या काळात काय केलं, अनुभवपत्रासह. हेच विद्यापीठ का. पुढे काय. विद्यापीठाच्या क्रमवारीचं कौतुक गाळा.

आणि एजंट खाजगी संस्थांकडे ढकलतात, कारण कमिशन तिथे असतं. संस्था सरकारमान्य आहे का हे होखशूलकोम्पासवर (जर्मन उच्चशिक्षण संस्थांची माहिती देणारं संकेतस्थळ) दोन मिनिटांत दिसतं. सशर्त प्रवेशपत्र असेल, म्हणजे आधी भाषा शिका मग प्रवेश, तर पुढचं सगळं बदलतं. पत्रातला शब्द न् शब्द वाचा.

भोरघाट
‘पुढे काय’ यात नोकरी जर्मनीत करणार असं कधीच लिहू नये. परत येणार असंच लिहायचं.

आखनचा_वारा
हे अमेरिकेच्या व्हिसाचं शहाणपण इथे लावलं जातंय. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना कायद्यानेच मिळतो. तो घेण्याचा विचार लिहिला तर त्यात खोटं काही नाही. शिकण्याचं कारण मात्र आधी आणि भक्कम हवं. नुसतं ‘तिथे पगार चांगला’ लिहिणं आणि एक-दोन वर्षं अनुभव घ्यायचा विचार आहे असं लिहिणं यात फरक आहे. खोटी परतीची कहाणी रचू नका.

भोरघाट
पटलं. ‘कधीच नाही’ हे मी जास्तच ठासून म्हटलं.

कोकणवारा
विम्याचं कुणी लिहिलं नाही. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. तो नोंदणी आणि सत्राच्या सुरुवातीपासून. तुम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला उतरलात तर मधल्या दिवसांना प्रवासी विमा लागतो आणि व्हिसाच्या फाईलीत तो दाखवावा लागतो. सुरुवातीची तारीख विमानाच्या तारखेशी जुळवा, एक दिवसही मोकळा नको.

स्वस्त पडतो म्हणून खाजगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागणारे असतात. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. विशीतल्या मुलाने हे फार विचार करून करावं. तिशी ओलांडलेल्यांना मात्र विद्यार्थी दर नाहीच, त्यांनी विम्याचा खर्च आधीच वेगळा धरावा.

सायली_नेने_नाही
जर्मन भाषा ए१ (अगदी पहिली पातळी) तरी लागते का? पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात नाव घालावं का?

मृण्मयी७
इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाच्या व्हिसाला ए१ची सक्ती नाही. विद्यापीठाने मागितलेला आयेल्ट्स वा टोफेल पुरतो. पण घर शोधताना, नोंदणी कार्यालयात, अर्धवेळ कामाला, सगळीकडे जर्मनच लागते. पुण्यात वा मुंबईत वर्ग लागला तर जरूर घाला.

सुपारी
व्हिसा नाकारला तर? पूर्वी फेरविचाराचा अर्ज विनाशुल्क करता यायचा.

आखनचा_वारा
ते १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झालं. आता दोनच रस्ते: नवा अर्ज नव्या शुल्कासह, म्हणजे पुन्हा ७५ युरो, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एका महिन्याच्या आत दावा. दाव्याला वेळ लागतो, सत्र निघून जातं. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण हवा. ‘राहिलेला कागद नंतर देऊ’ हा हिशेब आता चालत नाही.

गोठवलेले पैसे बुडत नाहीत. नकाराचं पत्र दाखवलं की सेवाशुल्क वजा करून परत येतात, फक्त युरो-रुपयाच्या दरात फरक पडलेला असतो.

अंजनवेल
सगळ्यांचे आभार. इतकी नेमकी माहिती एका जागी मला सापडली नव्हती. आता मूळ प्रश्नाकडे. राष्ट्रीय व्हिसाचे (दीर्घ मुक्कामाचा, विद्यार्थी व्हिसा त्यातलाच) अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतात, कागद तिथेच चढवायचे, मग बायोमेट्रिकला प्रत्यक्ष जायचं. पैसे नेमके कुठल्या टप्प्यावर पाठवायचे?

हिशेबनीस
प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात. अर्ज त्या दिवशीच भरायला घ्या, म्हणजे माहिती, पासपोर्ट, ए.पी.एस., गुणपत्रिका, उद्देशपत्र सगळं चढवून ठेवा आणि पैसे पाठवा. चार-पाच दिवसांत पुष्टिपत्र आलं की ते जोडून अर्ज सादर करा. पुष्टिपत्राशिवाय सादर केलात तर तपासणीत परत येतो आणि रांगेतली जागा जाते. पैसे फार आधी पाठवण्यातही अर्थ नाही. प्रवेशच नाही मिळाला तर दोनदा विनिमय शुल्क.

कोकणवारा
यात एक भर. गोठवलेल्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, आणि पहिला हप्ता तिथलं चालू खातं उघडल्यावर. घराची अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते, आणि ती या पैशातून निघत नाही. तेवढी रक्कम फॉरेक्स कार्डवर वेगळी न्यावी लागते. कर्जाची रक्कम ठरवतानाच ती धरा.

बेळगावी_कुंदा
आणि घरमालकाकडून राहत असल्याचं पत्र आधी मागा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या पत्राशिवाय ती होत नाही. ‘नोंदणी करता येणार नाही’ असं सांगणारी खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. निवासपरवान्यालाही पत्त्याची नोंदणी लागते.

इस्लामपूरकर
निवासपरवान्याचा अर्ज व्हिसावरची शेवटची तारीख उलटण्याआधी पोचला पाहिजे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ महिनोन् महिने मिळत नाही. अर्ज वेळेत गेला असेल तर जुना हक्क चालू असल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र मागता येतं. ते हातात असल्याशिवाय दिवाळीला गावी यायचं तिकीट काढू नका.

अंजनवेल
इस्लामपूरकर, मंजुरीपत्रातल्या त्या अटीचं वाक्य इंग्रजीत कसं असावं ते लिहाल का? शाखेत तसंच्या तसं नेऊन देता येईल.

इस्लामपूरकर
उद्या लिहितो. तोवर एवढं करा: शाखाधिकाऱ्याला ‘गोठवलेलं खातं’ म्हणजे काय हे सांगत बसण्याऐवजी दूतावासाच्या संकेतस्थळावरचं त्याचं पान छापून न्या आणि अर्जाला जोडा. छापील कागद फाईलीत राहतो, आणि मंजुरी वरच्या कार्यालयात होते तेव्हा तिथल्या माणसाला तोच वाचायला मिळतो.